रानकोबीचा वास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यातील चुनखडीच्या समुद्रकड्यांवर ब्रासिका ओलेरासिया ही वनस्पती आजही रानटी अवस्थेत वाढते. आपल्या मंडईतील कोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही त्याच जातीची लागवडीतील रूपे होत. तिचा उग्र वास अत्तर कुपीत असावे तसा पानांत भरून ठेवलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः अभंग पानात तो तिखट वास जवळजवळ नसतोच. सिनिग्रिनसारखी गंधहीन ग्लुकोसिनोलेट द्रव्ये एका जागी आणि मायरोसिनेज हे विकर निराळ्या पेशींत, असा दोहोंच्या विभक्त निवासाचा निसर्गाने पक्का बंदोबस्त केलेला असून, पान चिरडले किंवा अळीने कुरतडले म्हणजेच त्यांची गाठ पडते आणि अॅलिल आयसोथायोसायनेट, म्हणजे काळ्या मोहरीला झणझणीतपणा देणारेच संयुग, उत्पन्न होते. सिनिग्रिनचा शोध १८४० च्या सुमारास मोहरीतच लागला. त्याची यथार्थ रेणुरचना निश्चित व्हावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले.

शिजत्या कोबीचा दर्प याच संयुगाचा मानणेही चूक आहे. उष्णतेने एस-मिथिलमेथिओनीनचे विघटन होऊन डायमिथिल सल्फाइड सुटते आणि दुसऱ्या एका गंधकयुक्त अमिनो आम्लापासून डायमिथिल ट्रायसल्फाइड बनते. डायमिथिल सल्फाइड समुद्राच्या हवेतही असते. तेव्हा कड्यावर उभे राहून केवळ नाकाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

यंत्राची साक्षही सर्वस्वी निर्णायक नव्हे. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखातील सर्वांत उंच शिखर हेच वासाचे मुख्य कारण, असे पुष्कळांना वाटते. परंतु ट्रायसल्फाइड इतक्या अत्यल्प मात्रेतही नाकाला जाणवते, की यंत्रातून विलग होऊन येणारा प्रवाह दुभागून त्याचा एक अंश प्रशिक्षित माणसाला हुंगावयास द्यावा लागतो. नमुना कोणत्या वसाहतीतील, कोणत्या अवस्थेतील पानाचा आणि केव्हा घेतला याची नोंद दप्तरी नसेल, तर संयुगांची लांबलचक यादीही माझ्या मते निरर्थकच ठरते. कारण डॉर्सेटमधील निकटच्या वसाहतींतसुद्धा ग्लुकोसिनोलेटांचे प्रकार आनुवंशिकतेने भिन्न असतात.

हा वास सर्वच किडींना पिटाळतो, हेही खरे नव्हे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फेरशाफेल्ट यांनी १९१० मध्ये दाखविले, की कोबीवरील पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या सिनिग्रिन लावलेली परक्या वनस्पतींची पानेही खातात. आणि त्याच अळ्यांनी कुरतडलेल्या पानांतून उठणाऱ्या गंधाचा माग काढीत परजीवी गांधीलमाश्या त्यांच्यापर्यंत पोहोचून त्यांच्या देहांत आपली अंडी घालतात.