उलांडीची होडी, उडती होडी

रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवनेचं पाणी अडतं, पंपाने उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांकडे निघतं. शिडाची होडी इथे कुणाच्या पाहण्यात नाही. उन्हाळ्यात पसरते ती जलपर्णी. ‘कॅटामरान’ म्हटलं की आमच्याकडच्यांना आठवते ती गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट, आणि तिच्यात लागलेली मळमळ.

शब्द तमिळ आहे: कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. कल्पना मात्र आपल्या किनाऱ्यालाही परकी नाही. मालवण-तारकर्लीकडे अरुंद होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडी तरंड असतो. ती उलांडी. होडी तिच्या बाजूला कलली की उलांडी दबते आणि पाणी तिला वर रेटतं; उलट बाजूला कलली की तिचंच वजन होडीला खाली ओढून धरतं. म्हणजे अंग सडपातळ ठेवायचं आणि तोल बाहेर टांगायचा. एवढंच सूत्र.

साहेबाला ते पचायला वेळ लागला. 1876 साली नॅथनेल हेरेशॉफच्या ‘अमॅरिलिस’ या दोन अंगांच्या बोटीने न्यूयॉर्कच्या शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकलं, तर अशा बोटींनाच नेहमीच्या शर्यतींतून मज्जाव झाला! हौशी माणसापर्यंत ती पोचली ती जवळजवळ शतकाने, कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टरमुळे. त्याच्या ‘होबी 16’ला खाली पातं नाही, त्यामुळे ती थेट वाळूवर चढवता येते. जुन्या खलाशांची एक तक्रार मात्र रास्त होती: जड कण्याची बोट कलंडली तरी सावरते, ही उलटली की आपणहून उठत नाही.

त्यानंतर आलं फॉइल, पाण्याखालचा पंख. भरलेल्या पिंपात सराटा किंचित तिरका धरून जोरात पुढे ओढा, हात वर उचलला जाईल. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन, म्हणून छोटासा पंखही अख्खी बोट उचलतो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. 2013 साली अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत 72 फुटी कॅटामरान पाण्यावरून तरंगत धावताना जगाने पाहिल्या, आणि नाकं मुरडणारे बरेचसे गप्प झाले. टोकियो ऑलिंपिकला ‘नाक्रा 17’ ही कॅटामरान फॉइलवर आली. पॅरिसला शिडाच्या फळ्या आणि पतंगाने ओढलेल्या फळ्याही. 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ‘नाक्रा 17’ घेऊन भारतातर्फे सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन उतरले होते. हौशी लोकांसाठी आता फळीखालचं फॉइल आणि हातात धरायचा फुगीर पंख मिळतो. महाग आहे, आणि शिकताना माणूस पाण्यात सतत आपटतो.

तारकर्लीत फायबरच्या, इंजिन लावलेल्या एका होडीलाही उलांडी दिसली. शीड केव्हाच गेलं, मग ही कशाला, असं मी होडीवाल्याला विचारलं.

“उलांडी काढलंय तर होडी पलटतली मां,” तो म्हणाला, आणि दांडीची सैल झालेली दोरी आवळायला वाकला.