वाकळ आणि वैशाखातल्या दुपारी

एप्रिल संपत आला, की आमच्या साताऱ्यात दोन गोष्टी ठरलेल्या. पाण्याची चणचण आणि नातवंडांचं आगमन. सकाळ आंघोळी-न्याहारीत जाते, संध्याकाळ अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जाते. प्रश्न असतो तो दुपारचा. बारा ते पाच हे पाच तास कसे काढायचे, याचं उत्तर ज्या घराला सापडलं, त्या घराची सुट्टी सुखाची!

पूर्वी याच दिवसांत गल्लीतल्या घराघरांतून वाकळा शिवायला निघत. (पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ.) ऊन कडक, त्यामुळे धुतलेलं जुनेर दोन तासांत खडखडीत वाळतं. सोप्यात लुगडं अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे जड सापडेल ते ठेवायचं आणि चार बायकांनी चार बाजूंनी बसायचं. आमच्या आईचा एक नियम होता. दोरा हातभरच घ्यायचा. मोठा घेतला की गाठी पडतात आणि वेळ वाचवू पाहणाऱ्याचा दुप्पट वेळ जातो.

यंदा मुलीची मुलगी बेंगळुरूहून आली, वय अकरा. मुलाचा मुलगा पुण्याहून, वय आठ. मी म्हटलं, आपण वाकळ शिवूया आणि तिचे तुकडे तुम्ही रंगवायचे. नातू म्हणाला, "आजी, शिवणं मुलींचं असतं ना?" मी त्याला आमच्या चौकातल्या शिंपीमामांकडे घेऊन गेले. तिथे तीन पुरुष तीन मशिनींवर बसलेले होते. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

कापडाचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. आमचे हे गेले, त्याला तीन वर्षं झाली. कपाटात त्यांचे अकरा शर्ट तसेच होते. बहुतेक सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. वाकळेला याहून चांगलं कापड नाही. मी ते बाहेर काढले आणि मुलीचा चेहरा उतरला. "आई, बाबांचे शर्ट कापणार?" एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तिचं दुःख कळत होतं; पण कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहणं, याला जपणं म्हणायला मी तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच दोन शर्ट वेगळे काढले, आपल्या बॅगेत ठेवले आणि उरलेले नऊ माझ्यासमोर आणून ठेवले. त्यातला एक टेरिकॉटचा निघाला. तो बाजूला केला, कारण त्यावर रंग नीट धरत नाही आणि सुईही निसटते. राहिले आठ.

पंधरा सेंटिमीटरचे चौकोन. आडवे सहा, उभे आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस. नातवाने हिशेब केला, रुंदी नव्वद होणार. जोडून झाल्यावर, कडा दुमडून मोजली तर अठ्ठ्याहत्तर! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बारा सेंटिमीटर गेले कुठे? माझी बँकेतली तीस वर्षं अशा प्रश्नांत गेली. लेजरं हाताने लिहायचो तेव्हा संध्याकाळी एका रुपयाचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. म्हटलं, शोध. अर्ध्या तासाने ओरडत आला, "प्रत्येक तुकड्याचा दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर शिलाईत आत गेलाय!" भागाकार-गुणाकाराच्या वर्गांना पैसे भरणाऱ्या आईबापांनी याचा विचार करावा.

रंगवायचं काम जोडण्याआधी. कापड धुऊन त्यातली कांजी घालवायची, खाली पुठ्ठा घ्यायचा आणि रंग पातळच लावायचा. थर जाड झाला, तर वाळल्यावर सुई आत शिरत नाही. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा आयता मिळतो. बटाट्यावर नातीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, ते कापडावर उलटं उमटलं. मग आरसा आणून, त्यात पाहून दुसरा बटाटा कोरला. एक दिवस वाळू द्यायचं, उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची आणि पुढे तीन दिवस पाणी दाखवायचं नाही.

आत सासूबाईंचं विरलेलं लुगडं, खाली जुनी चादर. सुरकुत्या पडू नयेत म्हणून आधी मधून कडेकडे कच्चे टाके घातले, मग धावदोरा. नातीचे टाके बारीक, नातवाचे तांदूळ पसरल्यासारखे. ते मी उसवले नाहीत. त्याच्याच कर्नाटकवासी बहिणीला मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीबद्दल सांगितलं. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मग आमच्या वाकळेलाही चार फुलं हवीतच, असा हट्ट झाला. ती शेवटच्या दुपारी मुलीने लावली. कुणी सांगितलं नव्हतं. एका शर्टाचा खिसा मी तसाच ठेवला होता, शाईच्या डागासकट. त्यात तिने काय ठेवलं, ते मी विचारलं नाही.

वाकळ एक आणि नातवंडं दोन, हे भांडण व्हायचं ते झालंच. शेवटी करार केला. दिवाळीपर्यंत नातवाकडे, दिवाळीनंतर नातीकडे. कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, साक्षीदार म्हणून माझी. परवा पुण्याहून फोन होता, एका बाजूचा दोरा सुटलाय. सुईत दोरा ओवून हातभरच घे म्हटलं, तर पलीकडून लगेच प्रश्न आला, "कुणाचा हात, आजी? तुझा की माझा?"