गहाण शेत, उघडी विहीर

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात पापळ नावाचं गाव आहे. चहूबाजूंनी काळी कसदार जमीन, कोरडवाहू पऱ्हाटी आणि तूर. २७ डिसेंबर १८९८ रोजी या गावातल्या शामराव आणि राधाबाई देशमुखांच्या घरी पंजाबराव जन्मले. तेव्हा नांदगाव स्वतंत्र तालुका नव्हता, चांदूर तालुक्यातच मोडत होता. विसाव्या शतकानं वऱ्हाडच्या खेड्यात काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे पाहायचं तर या एका आयुष्याच्या मागोमाग जावं.

त्या वेळी वऱ्हाड नावापुरतं निजामाचं होतं. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे होता. १९०२ मध्ये त्यांनी तो कायमच्या पट्ट्यानं घेतला आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. ओढ कापसाची होती. बडनेऱ्यावरून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्येच पुरा झाला होता. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी कारंजामार्गे धावू लागली. गावोगावच्या बैलगाड्या जिनिंगच्या दारात रांगा लावत, कापूस गाठी बांधून मुंबईकडे जाई. पेरणीला पैसा मात्र सावकाराकडूनच यायचा. कापूस घरात येण्याआधीच त्यावर वहीत नाव चढलेलं असायचं.

पंजाबरावांना शिक्षणासाठी चांदूर, कारंजा, अमरावती अशी गावं बदलावी लागली. पुढे पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९२० मध्ये थेट विलायत. त्यासाठी शामरावांनी शेतीवर कर्ज काढलं. कोरडवाहू शेताच्या भरवशावर मुलाला बॅरिस्टर करायला पाठवणं ही त्या काळात केवढी जोखीम असेल! मुलानं ती वाया जाऊ दिली नाही. एडिंबरोची एम.ए., बॅरिस्टरी आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून ते १९२६ मध्ये परतले.

वेदांचा एवढा अभ्यास करून आलेला हा माणूस अमरावतीत लगेच मंदिरप्रवेशाच्या बाजूनं उभा राहिला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीचं दार अस्पृश्यांना उघडावं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा आठच महिने झाले होते आणि नाशिकच्या काळाराम सत्याग्रहाला अजून दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. पंजाबराव या लढ्यात होते. त्याच महिन्यात त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं. पुढे याच विमलाबाई राज्यसभेत गेल्या.

पण मंदिराचा लढा आणि लग्न यांपेक्षाही दूरवर पोचली ती दोन कामं. एक विहिरीचं. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात विहिरीवरचा हक्क म्हणजे काय, हे ज्यानं दुरून पाण्याकडे पाहत उभं राहण्याचे दिवस काढले त्यालाच कळावं. दुसरं काम वसतिगृहाचं. १९२६ च्या अखेरीस खून झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचं नाव त्यांनी अमरावतीच्या छात्रालयाला दिलं आणि तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, जेवली. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा मिळाली तरी राहायचं कुठे, खायचं काय, हा अडसर स्वतः पापळहून निघालेल्या माणसाला नेमका ठाऊक होता. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था याच छात्रालयाच्या वाटेनं वाढली. शेतकऱ्यांच्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर तिच्यामुळे झाला.

कर्जाचं दुखणं चिवट निघालं. १९३० मध्ये जागतिक मंदीनं कापसाचा भाव कोसळला आणि वह्यांतले आकडे फुगले. त्याच वर्षी पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३३ च्या कर्जलवाद कायद्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. सावकार आणि शेतकरी यांना मंडळापुढे बसवायचं, देणं कमी करून हप्ते बांधायचे, अशी ही तजवीज. मोठा दिलासा होता तो. पण तडजोडीवर उभा असलेला कायदा जुनं देणं हलकं करतो, पुढच्या पेरणीचं भांडवल देत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते संविधान सभेत पोचले, मागासवर्गीयांच्या हक्कांसाठी बोलले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री होते. भातलागवडीची जपानी पद्धत त्यांनी देशभर नेली, १९५५ मध्ये भारत कृषक समाज काढला. त्याच समाजानं दिल्लीत भरवलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाला ११ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी पंजाबराव गेले. दरम्यान वऱ्हाड १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं होतं.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याला आता पंजाबरावांचं नाव आहे आणि ‘पीकेव्ही हायब्रिड-२’सारखं कापसाचं वाण तिथूनच आलं. १९७२ मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. वाण सुधारलं, विकण्याची सोय झाली. तरी पाणी आभाळाचंच राहिलं आणि बी-खतासाठी उधारीही राहिली. शतक उलटल्यावर, १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यात अमरावती होता, अकोलाही होता. सर्वांत मोठी रक्कम सिंचनासाठी होती आणि ७१२ कोटी रुपये थकलेलं व्याज माफ करण्यासाठी.