भरलेला अर्ज कोरा का पोहोचतो?

हल्ली गटांच्या बैठकीत आमच्यापुढे जी तक्रार सारखी येते ती हप्त्याची नाही आणि व्याजाचीही नाही. ती आहे मोबाइलवर येणाऱ्या अर्जांची. "ताई, चौकटीत बोट ठेवलं तरी काही उमटत नाही." "ताई, आम्ही भरला होता, पण तिकडे कोरा गेला." आज त्याच्याबद्दलच बोलू. फोन जवळ असेल तर ऐकता ऐकता करून बघा.

हे अर्ज पीडीएफ नावाच्या फाइलमध्ये येतात. अमेरिकेतल्या अडोबी कंपनीनं 1993 साली ही पद्धत आणली. हेतू असा की, पान कुठल्याही यंत्रावर उघडलं तरी छापल्यासारखं, जसंच्या तसं दिसावं. लिहायच्या चौकटी, टिक करायचे चौकोन, दाबायची बटणं हे सगळं त्यात नंतर आलं. त्यामुळे आजही पान सगळीकडे सारखं दिसतं, पण चौकटी सगळीकडे चालतातच असं नाही. फाइल उघडणारी ॲप वेगवेगळी असतात. एखाद्याला फक्त पान दाखवता येतं, एखाद्यात लिहिता येतं, एखादं बेरीजही करून देतं. आपण मात्र "फाइल खराब आलीय" म्हणून तीच फाइल तीनदा मागवतो. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, ती ज्या ॲपमध्ये उघडलीय ते कमी पडतं.

आधी एक गोष्ट बघायची. अर्जातल्या एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निळा होऊन निवडला गेला, तर ती खरी मजकुराची फाइल आहे. काहीच झालं नाही, तर बहुधा कुणीतरी कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली आहे. फोटोतल्या चौकटीत कितीही बोटं आपटली तरी कीबोर्ड वर येणार नाही. असा अर्ज छापून घ्यावा आणि सरळ पेनानं भरावा. त्यात कमीपणा काही नाही.

फाइल मजकुराची आहे, तरी लिहिता येत नाही? मग ती दुसऱ्या ॲपमध्ये उघडा. व्हॉट्सॲपमधून फाइल दाबली की फोन कधी विचारतो, कशात उघडू? तेव्हा घाईत आपण "नेहमी" दाबून टाकतो आणि त्यानंतर फोन कधीच विचारत नाही. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, ॲपच्या यादीत ते ॲप शोधून त्याची "नेहमी"ची निवड काढून टाकावी लागते. मग दुसरं ॲप निवडता येतं. अडोबी कंपनीचं रीडर ॲप फुकट मिळतं आणि साधे अर्ज त्यात बहुधा भरता येतात.

आता सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी गोष्ट. एका गटाच्या सचिवताईंनी दोन संध्याकाळ बसून कर्जमागणीचा अर्ज भरला. पेरणीच्या आधी पैसे हवे होते. चार दिवसांनी बँकेतून निरोप आला, अर्ज कोरा आहे. गटात कुजबुज सुरू झाली, की ताईंनी भरलाच नसेल. त्या बाईनं दोन दिवस जेवण गोड मानलं नाही. आम्ही फाइल बघितली तेव्हा कळलं, मजकूर त्यांच्या फोनवर होता. पाठवली गेली होती ती मूळ, कोरी फाइल.

असं होतं कसं? ॲपमध्ये भरलेला मजकूर जतन केला, की कधी कधी नवी प्रत तयार होते आणि जुनी कोरी प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. दोघींची नावं जवळजवळ सारखी. पाठवताना चुकीची उचलली जाते. संगणकावर क्रोममध्ये अर्ज भरला असेल, तर डाउनलोड करताना ते विचारतं, बदलांसह की बदलांशिवाय? इंग्रजीत असतं म्हणून आपण वाचत नाही. बदलांसहच घ्यायचं. आणि जतन करताना नावात गटाचं नाव आणि "भरलेला" असा शब्द घालायचा.

कधी याहून वेगळं घडतं. फाइल बरोबर गेलेली असते, तरी तिकडे कोरी दिसते. चौकटीत आपण लिहिलेली माहिती एका जागी साठते आणि ती पानावर कशी दिसावी हे दुसऱ्या जागी. ते दुसरं काम आपल्या ॲपनं नीट केलं नसेल, तर समोरच्याला माहिती असूनही दिसत नाही. यावर उपाय म्हणजे भरलेला अर्ज उघडून "प्रिंट" दाबायचं आणि प्रिंटरच्या जागी "पीडीएफ म्हणून जतन करा" निवडायचं. आता अक्षरं पानालाच चिकटली. ही प्रत पुन्हा दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधीची प्रतही ठेवा.

पाठवण्याआधी ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, स्वतःच्या नावाला संदेश पाठवता येतो. शक्य झालं तर गटातल्या दुसरीच्या फोनवर उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

बेरजेच्या चौकटीवर मात्र विश्वास ठेवू नका. अर्जातली आपोआप होणारी बेरीज म्हणजे आत लिहिलेल्या सूचना असतात आणि फोनवरची बरीच ॲप त्या चालवतच नाहीत. मग बेरीज रिकामी राहते, किंवा तुम्ही आकडा बदलला तरी जुनीच राहते. वहीत बेरीज मारून ताडून बघा.

मराठीत लिहिल्यावर नुसते चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरं तुटतात, तेव्हा त्या चौकटीला दिलेल्या टायपात देवनागरी नीट बसत नाही असं समजा. अर्जात चालत असेल तर इंग्रजी अक्षरांत लिहा, नाहीतर छापून हातानं भरा.

काही अर्ज उघडले की एकच ओळ येते, "कृपया थांबा" अशा अर्थाची, इंग्रजीत. तिथं थांबून उपयोग नाही. एक बहीण अर्धा तास थांबली होती. तो जुन्या पद्धतीचा अर्ज असतो, फोनवर उघडतच नाही. संगणकावर अडोबी रीडर असेल तिथं, म्हणजे बऱ्याचदा सेवा केंद्रात, तो उघडावा.

शेवटी त्या प्रश्नचिन्हाबद्दल. ई-आधार किंवा डिजिटल सहीचा सातबारा उघडला की सहीवर कधी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. बाया घाबरतात, दाखला खोटा आहे की काय! त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या ॲपला ती सही तपासता आलेली नाही. संगणकावर अडोबी रीडरमध्ये, इंटरनेट चालू ठेवून, सहीवर उजवं बटण दाबून ती तपासता येते. सही देणाऱ्या संस्थेवर विश्वास असल्याची नोंद केली, की हिरवी खूण येते. फोनवर ही सोय बहुधा मिळत नाही. आणि मघाशी सांगितलेला "प्रिंट करून पीडीएफ" हा उपाय इथं चुकूनही करायचा नाही. तसं केलं की पानावर सहीचं नुसतं चित्र उरतं. स्क्रीनशॉटचंही तेच. मागणाऱ्याला मूळ फाइलच पाठवा. ई-आधारला पासवर्ड असतो, आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्माचं साल. तो फाइलच्या मागोमाग त्याच संदेशात लिहू नका, फोनवर सांगा.

एका केंद्रात हे प्रश्नचिन्ह घालवण्याचे वेगळे पैसे मागितले गेले, असं दोन गटांनी आम्हाला सांगितलं. तुमच्याकडे कुणी असे मागितले, तर आधी ती फाइल घेऊन पुढच्या बैठकीला या, आपण लॅपटॉपवर एकत्र उघडून बघू.