बारीक अक्षरांची पुडी

घरात नवा मिक्सर आला की खोका उघडण्याची घाई सर्वांनाच असते. थर्माकोल मुलांच्या ताब्यात जाते, वॉरंटीचे कार्ड कपाटात जाते, आणि सूचनापुस्तिका? ती स्वयंपाकघरातल्या अगदी खालच्या खणात, कुकरच्या आणि पंख्याच्या पुस्तिकांना सोबत म्हणून. ‘त्यात वाचायचंय काय?’ हा घरोघरचा सिद्धान्त. मिक्सरच्या बाबतीत तो बहुधा खपूनही जातो. पण काही सूचना अशा असतात, की त्या न कळण्याची किंमत फार मोठी पडू शकते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आमचा दीड वर्षाचा नातू जुलाबांनी बेजार झाला. रात्रीची वेळ. घरात ओआरएसची पुडी होती. सून पदवीधर, सासूने तीन मुले वाढवलेली. दोघींनी मिळून पुडी फोडली आणि पेलाभर पाण्यात ओतली. सुदैवाने शेजारच्या निवृत्त सिस्टर चौकशीला आल्या. पेला पाहताच म्हणाल्या, “अहो, ही लिटरची पुडी!”

पेला मोरीत गेला. मी चष्मा लावून पुडी दिव्याखाली धरली. सूचना होती, बिनचूक होती. पण इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत आणि नेमकी चकचकीत कागदाच्या दुमडीवर. छापणाऱ्याचे काम झाले होते. वाचणारीचे मात्र अडले होते.

ही बाब क्षुल्लक नाही. बाजारात २१.८ ग्रॅमची पुडी मिळते, ती १ लिटर पाण्यासाठी, आणि ४.४ ग्रॅमची मिळते, ती २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेल्यात ओतली की द्रावण पाचपट तीव्र होते. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात असली तरच आतडे पाणी नीट शोषते. प्रमाण बिघडले तर रक्तातले सोडियम वाढते आणि लहान मुलाला झटकेही येऊ शकतात. औषध तेच, फरक फक्त पाण्याचा!

या साध्या द्रावणाचा पराक्रम मोठा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

पण छावणीत सांगायला डॉक्टर होते. खेडोपाडी कोण सांगणार? बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात याचे उत्तर शोधले. तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. बहुतेक आयांना वाचता येत नव्हते. म्हणून सूचना बोटांवर आली : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने ते समोर करून दाखवायचे. खरी गंमत पुढेच आहे. काही दिवसांनी दुसरी माणसे येऊन त्यांतल्या काही घरांत पुन्हा विचारीत. आईला जितके आठवे, त्यावर शिकवणारीचे मानधन ठरे. आई विसरली तर चूक आईची नव्हे, सांगणारीची!

आपल्याकडे हा हिशेब नेमका उलटा. चूक झाली की ‘लिहिलं होतं की!’ म्हणून हात झटकायचे. पण लिहिणे म्हणजे सांगणे नव्हे. रात्री दोन वाजता, रडते मूल कडेवर घेऊन, मिणमिणत्या उजेडात जी सूचना कळते, तीच खरी सूचना. पुडी छापण्याआधी ती अशा एका आईच्या हातात देऊन पाहायला असा किती खर्च येतो?

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. पुडी आणतानाच दुकानदाराला ‘किती पाण्यात?’ हे विचारून घ्यावे आणि तो आकडा ठळक पेनाने तिच्यावर लिहावा. पूर्ण पुडी एकदाच, सांगितलेल्या पाण्यात मिसळावी आणि २४ तासांनी उरलेले पाणी फेकून द्यावे.

आमच्या घरी आता एका स्टीलच्या तांब्यावर नेलपॉलिशची लाल रेघ आहे. ती सुनेने मापून ओढली आहे. रेघेपर्यंत पाणी म्हणजे एक लिटर. नातू आता शाळेत जातो. आणि ती रेघ कशासाठी, हे त्यालाही सांगता येते.