पहिल्या धारेचा हिशेब

गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. बार नाही, दुकान नाही. तरी नाल्याकाठच्या भट्ट्यांवर पोलिसांच्या धाडी पडल्याच्या बातम्या येतच असतात. धाडीत हमखास सापडतो तो मोहाचा सडवा. वाळलेली मोहफुलं, गूळ आणि नवसागर पाण्यात कालवून ड्रम झाकून ठेवतात. फुलांतल्या साखरेवर यीस्ट पोसतं, नवसागर त्याला नायट्रोजन पुरवतो. फसफसून आंबलेला हा सडवा भट्टीवर चढतो. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. म्हणून सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त. ‘पहिल्या धारेची’ कडक असते ती यामुळे.

मोहाची दारू औषधी, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. यकृताला फुलाशी देणंघेणं नसतं. त्याच्यासाठी ते इथेनॉलच, आणि इथे किती प्यायलो हे सांगणारं लेबलही नाही. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं दगावली ती भेसळीच्या मिथेनॉलने. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं.

लेबलवाल्या दारूचा हिशेब तरी मांडता येतो. 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं. रात्री दहाला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे, मोटारसायकलला किक मारतानाही, दारू उरलेली असू शकते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. अल्कोहोल निकालात निघताना वाटेत तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, अन्ननलिका, यकृत, स्तन या कर्करोगांशी दारूचं नातं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच तिला पहिल्या गटातलं कर्ककारक ठरवलं.

दारूबंदीच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडू शकते. धाड पडते, पुरवठा तुटतो आणि वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात सुटते. घरच्यांना बरं वाटतं. पण दारूच्या गुंगीशी झुंजत जागा राहायला शिकलेला मेंदू आता मोकाट सुटतो: हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांत भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. हे नाटक नव्हे, जिवावर बेतणारं आजारपण आहे. अशा माणसाला खोलीत कोंडू नये, दवाखान्यात न्यावं. तिथे शांत करणारी औषधं देतात आणि ग्लुकोजची बाटली लावायची तर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, आधी किंवा सोबतच टोचतात. ते शरीरात संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.