निजामाचा मुसाबुसी

परभणीत दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकतो आणि निजामी राजवटीचा शेवट आठवला जातो. पण ही राजवट तरुण असतानाच कोसळू शकली असती. तेव्हा तिला सावरून धरले ते एका फ्रेंच माणसाने.

त्याचे नाव मार्की द बुसी. मराठी कागदपत्रांतला ‘मुसाबुसी’ तो हाच. १७५१ मध्ये पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्लेने त्याला तीनेकशे गोऱ्या शिपायांसह निजामाबरोबर दक्षिणेत पाठवले. वाटेतच निजाम मुजफ्फरजंग मारला गेला. बुसीने तिथल्या तिथे सलाबतजंगला गादीवर बसवले आणि त्याला घेऊन औरंगाबाद गाठले. पाथरी, गंगाखेडचा गोदाकाठ याच निजामाच्या मुलखात मोडत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस निजामाशी लढणाऱ्या पेशव्यांचा कुकडी नदीकाठी तळ होता. चंद्रग्रहणाची रात्र, आणि नानासाहेब पेशवे पूजेत. अशा वेळी बुसीच्या तोफा धडाडल्या आणि तळावर एकच धावपळ उडाली.

तोफांइतकाच त्याचा भर पगारावर होता. १७५३ मध्ये तो आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला. ही संधी साधून दिवाण लष्करखानाने फ्रेंच फौजेची पांगापांग केली आणि तिचा पगार थकवला. बुसी परतला तो थेट औरंगाबादला. तिथे त्याने निजामाकडून एलुरु, राजमहेंद्री, मुस्तफानगर आणि चिकाकोल ही चार सरकारे, म्हणजे जिल्हे, लिहून घेतली. आता फौजेचा पगार तो स्वतःच वसूल करणार होता. सेनापतीचा कारभारी झाला तो इथे.

हा डोलारा १७५८ मध्ये ढासळला. त्याचा विश्वासू दिवाण हैदरजंग याचा औरंगाबादेत खून झाला. पाठोपाठ फ्रेंच सेनापती लालीने बुसीला माघारी बोलावले. १७६० मध्ये वांदिवाशच्या लढाईत तो इंग्रजांच्या हाती लागला. पुढे तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि १७८५ मध्ये पाँडिचेरीतच वारला.

त्याची कवायत मात्र मराठ्यांच्या छावणीत पोहोचली होती. त्याच्या पलटणीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या चाकरीत आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्यांच्यासाठी लढून मेला. बुसीने सावरलेले निजामाचे आसफजाही घराणे परभणीवर १९४८ पर्यंत राज्य करत राहिले. मराठवाड्याच्या शाळांत निजामाचा इतिहास शिकवताना मुसाबुसीचे हे पान वगळून चालणार नाही.